फक्त पुढे जाणारे

कार्नीच्या कमानीत भेटलेल्या एका वयस्कर बाईंचे वाक्य प्रवासाहून परतल्यापासून माझ्या मनातून जात नाही. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात आय-८० या महामार्गावर आडवी उभी असलेली ही कमान म्हणजे एकोणिसाव्या शतकात बैलांच्या गाड्यांनी पश्चिमेला ओरेगॉन-कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या लोकांच्या वाटेचे वस्तुसंग्रहालय आहे. ओमाहाहून पश्चिमेला निघालेल्या माणसाला ते चुकवता येत नाही, कारण रस्ता त्याच्या पोटाखालूनच जातो. आई आणि अण्णा गावाहून आले होते, त्यांना यलोस्टोन दाखवायला आम्ही गाडीने निघालो होतो आणि दुपारच्या उन्हात थोडे पाय मोकळे करावेत एवढ्याच हेतूने तिथे थांबलो होतो. दाराशी त्या काळचा लांब झगा आणि कापडी टोपडे घातलेल्या बाई स्वागताला उभ्या होत्या. अण्णांची पांढरी टोपी पाहून त्यांनी आपल्या टोपड्याला हात लावला आणि मनापासून हसल्या. सगळे पाहून बाहेर पडताना मी त्यांना विचारले की त्यांचे पूर्वजही याच वाटेने आले का. "नाही," त्या म्हणाल्या, "आमची माणसे नंतर रेल्वेने आली. या वाटेवरचे लोक इथे थांबलेच नाहीत, ते फक्त पुढे गेले." मी ते अण्णांना मराठीत सांगितले. अण्णा क्षणभर थांबून म्हणाले, "ते पुढं गेले. मग इथले कुठं गेले?" तेवढ्यात सहलीच्या बसमधून उतरलेली मुलांची रांग आत शिरली, बाई त्यांच्याकडे वळल्या आणि प्रश्न तसाच राहिला.

ही इमारतच मोठी नवलाची आहे. १९९९ च्या ऑगस्टमध्ये महामार्गाची वाहतूक रात्री थांबवून सुमारे दीड हजार टनांचा तिचा सांगाडा रस्त्यावर सरकवत आणून बसवला आणि २००० साली ती लोकांसाठी खुली झाली. तीनशे फुटांहून थोडी अधिक लांब असलेली ही कमान उभारायची कल्पना नेब्रास्काचे माजी गव्हर्नर फ्रँक मॉरिसन यांची. आत शिरताच एक उंच सरकता जिना तुम्हाला अंधारात वर घेऊन जातो, कानाला लावलेल्या यंत्रातून चाकांचा करकराट आणि बैलांचे हंबरणे ऐकू येऊ लागते, आणि मग एकामागून एक देखावे उलगडत जातात: कापडी छताच्या गाड्या, हातगाड्या ओढत निघालेले मॉर्मन पंथाचे लोक, कॅलिफोर्नियाच्या सोन्यामागे धावलेली माणसे, पोनी एक्स्प्रेसचे टपाल नेणारे घोडेस्वार, रेल्वे, आणि शेवटी मोटारींचे युग. दीडशे-पावणेदोनशे वर्षांची ही सगळी वर्दळ प्लॅट नदीच्या याच सपाट खोऱ्यातून गेली, आणि तिचा आजचा प्रवाह पायाखालून वाहत असताना तिची गोष्ट ऐकायची, ही मांडणी मला फार आवडली. एका खिडकीतून खालचा महामार्ग दिसतो आणि येणाऱ्या वाहनांचा वेग मोजून दाखवणारे यंत्रही तिथे लावलेले आहे. बैलांच्या गाड्या दिवसाला पंधरा मैल, म्हणजे चोवीसेक किलोमीटर जात. खालचे ट्रक तेवढे अंतर पाव तासाच्या आत कापत होते.

अण्णा मात्र खिडकीपाशी फार थांबले नाहीत. ते पूर्ण आकाराच्या एका गाडीजवळ गेले आणि तिच्याभोवती फिरू लागले. ज्या माणसाने आयुष्याची पहिली तीस वर्षे बैलगाडी हाकली आहे, तो अशा वेळी काय पाहतो हे मला शेजारी उभी राहून कळत गेले. त्यांनी आधी आरे मोजले, मग तुंबा पाहिला, मग वाकून आखाकडे नजर टाकली आणि विचारले, "वंगणाचं काय करत होते?" मी वाचलेले सांगितले: डांबर आणि चरबी मिसळलेली एक लाकडी बादली गाडीखाली टांगलेली असे. ते ऐकून त्यांना जुना ओळखीचा माणूस भेटल्याचे समाधान झाले, कारण आमच्या गाडीलाही वंगणाचे नळकांडे तसेच खाली टांगलेले असे. मग त्यांनी चाकावरच्या लोखंडी धावेवर बोट टेकवले. "एवढ्या कोरड्या हवेत लाकूड आकसणार. धाव ढिली होणार. मग?" नेमके हेच त्या लोकांचे मोठे दुखणे होते. प्लॅटच्या वरच्या अंगाला हवा कोरडी होत गेली की लाकूड सुकून धाव निसटू लागे, आणि मग रात्री चाके काढून नदीत बुडवून ठेवायची किंवा लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये पाचर ठोकायची, एवढेच उपाय हाताशी होते. अण्णांनी मान हलवली. त्यांनीही ओढ्यात चाके भिजत घातलेली आहेत.

आईचे लक्ष चुलीवर होते. काचेतून दिसणाऱ्या मोकळ्या माळाकडे बघत तिने विचारले की इथे तर झाडच दिसत नाही, मग त्या बायका रांधत कशावर होत्या. गव्यांच्या, म्हणजे इथल्या बायसनच्या, वाळलेल्या शेणावर, असे मी सांगितले, तेव्हा तिला त्यात नवल वाटण्यासारखे काहीच दिसले नाही. "रानशेणीच की," ती म्हणाली, "पावसात पंचाईत होत असेल." खरोखरच होत असे. पूर्वेकडच्या राज्यांत लाकडाच्या शेगडीची सवय असलेल्या त्या बायकांनी आधी नाक मुरडले, मग हातमोजे घातले आणि पुढे तेही सोडून ओच्यात शेणी वेचल्या. पाऊस आला की शेणी भिजत आणि सगळ्या तांड्याला थंड भाकरी आणि कच्चे डुकराचे मांस खाऊन पुढे जावे लागे. माणशी दोनशे पौंड पीठ आणि दीडशे पौंड खारवलेले मांस असा शिधा त्या काळच्या एका मार्गदर्शकात सांगितलेला आहे. गाडीची पेटी साधारण दहा फूट लांब आणि चार फूट रुंद. तिच्यात पीठ, अवजारे, अंथरुणे आणि आजारी माणूस भरल्यावर धडधाकट माणसाला बसायला जागा उरत नसे, शिवाय गाडीला स्प्रिंग नसल्याने बसणे हीच शिक्षा होती. म्हणून बहुतेक माणसे, मुले आणि बायका धरून, मिसुरीपासून ओरेगॉनपर्यंतची जवळजवळ ३,२०० किलोमीटरची वाट गाडीच्या बाजूने चालत गेली. एप्रिल-मे महिन्यात गवत उगवले की निघायचे आणि डोंगरात बर्फ पडायच्या आत पलीकडे पोचायचे, असे चार ते सहा महिने.

या बायकांविषयी मला जे वाटते ते लपवण्यात अर्थ नाही. मला त्यांच्याविषयी अपार आदर वाटतो. अमेलिया स्ट्युअर्ट नाइट नावाची एक बाई १८५३ च्या एप्रिलमध्ये नवरा आणि सात मुलांसह आयोवाहून निघाली आणि तिने रोजची टिपणे ठेवली. त्या टिपणांत पाऊस आहे, चिखल आहे, मेलेली जनावरे आहेत, पोरांची आजारपणे आहेत आणि एकदा तर गडबडीत एक मुलगी मागेच राहिली आणि मागून येणाऱ्या तांड्याबरोबर सापडली, असा प्रसंगही आहे. ती सगळी वाट ती बाई गरोदर होती, हे मात्र वाचणाऱ्याला जवळजवळ शेवटपर्यंत कळत नाही. सप्टेंबरमध्ये, ओरेगॉनच्या खोऱ्यात पोचता पोचता, रस्त्याच्या कडेलाच तिने आठव्या मुलाला जन्म दिला आणि टिपणे तिथे संपली. आईला हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने एकच विचारले, "बाळंतिणीला निदान चार दिवस तरी विसावा मिळाला का?" त्यानंतर लगेच होडीने आणि तराफ्याने मोठी नदी ओलांडायची होती, हे मी तिला सांगितले नाही.

अण्णांचा प्रश्न मात्र तिथेच होता.

"ते फक्त पुढे गेले" हे वाक्य चुकीचे नाही, म्हणूनच ते मला इतके टोचले. १८४० च्या दशकापासून १८६९ मध्ये युटातील प्रोमोंटरी येथे दोन बाजूंच्या रेल्वे जोडल्या जाईपर्यंत तीन लाखांहून अधिक माणसे या खोऱ्यातून गेली आणि त्यांतल्या जवळजवळ कुणालाच इथली जमीन नको होती. त्यांना हे सगळे मैदान ओसाड वाटत होते. पण जाणाऱ्या माणसालाही खायला लागते, त्याच्या बैलांना चरायला लागते आणि रात्री जाळ करायला लागतो. एका गाडीला चार ते सहा बैल, मागे दुभती जनावरे, घोडे, खेचरे. एकट्या १८५० साली सुमारे पन्नास हजार माणसे या वाटेने गेली, तीही सगळी मे-जूनच्या त्याच थोड्या आठवड्यांत, नदीच्या त्याच दोन काठांनी. एवढ्या जनावरांनी काठाचे गवत मुळापर्यंत खाल्ले, मागून येणाऱ्यांना जनावरे चारण्यासाठी वाटेपासून मैलमैल दूर जावे लागले, काठावर जी थोडी झाडे होती ती सरपणात गेली आणि गव्यांचे कळप या गजबजलेल्या पट्ट्यापासून दूर सरकले. ज्याच्या घरी जनावरे आहेत त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. चराऊ रान एकदा वेळेआधी खरवडले गेले की पुढच्या वर्षी तिथे तेच गवत येत नाही. हिवाळ्यात घोड्यांना चारा आणि चुलीला लाकूड मिळावे म्हणून नदीकाठच्या ज्या आडोशांवर इथले लोक अवलंबून होते, तेच आडोसे वाटसरूंनी उन्हाळ्यात रिकामे केलेले असत.

आणि त्यांनी कॉलरा आणला. आणायचा म्हणून आणला नाही. तो त्यांच्याबरोबर आला आणि त्यांनाच सगळ्यांत आधी खाऊ लागला. १८४९ साली सोन्यासाठी निघालेल्या गर्दीबरोबर तो मिसुरी नदीच्या बंदरांतून प्लॅटच्या काठाला शिरला. नदीचे पाणी गढूळ म्हणून लोक काठावर उथळ खड्डे खणून त्यांतले पाणी पीत, आणि मुक्कामाची घाणही तिथेच शेजारी झिरपत असे. हा रोग पाण्यातून पसरतो हे लंडनमध्ये जॉन स्नो यांनी पंपाच्या पाण्यावर बोट ठेवून दाखवले ते १८५४ मध्ये. सकाळी चालत असलेला माणूस संध्याकाळी पुरला जाई, आणि कोल्ह्या-लांडग्यांनी उकरू नये म्हणून पुष्कळदा थडगे वाटेतच खणून त्यावरून गाड्या नेत. त्याच उन्हाळ्यात हा रोग या खोऱ्यातल्या मूळच्या पॉनी जमातीच्या गावांत शिरला. हजाराहून अधिक माणसे गेली. दक्षिणेकडच्या शायन जमातीत तर कित्येक कुटुंबांत रडायलाही कोणी उरले नाही. वाटसरूंच्या थडग्यांवर निदान फळ्या उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या काहींवरची नावे आज आपल्याला वाचता येतात.

आम्ही त्यातले एक नाव वाचले. ओगल्लालाहून महामार्ग सोडून वायव्येला वळलो की ॲश हॉलो नावाचे ठिकाण लागते. इथे उतार इतका तीव्र होता की गाड्यांची चाके जखडून, मागून दोरांनी धरून त्या खाली सोडाव्या लागत, आणि त्यांनी कापलेल्या घळी अजून डोंगराच्या अंगावर दिसतात. खाली गोड्या पाण्याचा झरा होता, सावली होती, म्हणून सगळे तिथे थांबत. तिथल्या लहानशा स्मशानात रेचल पॅटिसन हिचे थडगे आहे. वय १८, मृत्यू १९ जून १८४९. लग्न होऊन तीन महिनेही झाले नव्हते. आई दगडाशेजारी वाकून उभी राहिली आणि तिने पदराने त्यावरची धूळ पुसली. अण्णा मात्र दुसरीकडे, नदीच्या पलीकडच्या टेकड्यांकडे पाहत होते. "तिकडं काय आहे?" त्यांनी विचारले.

तिकडे ब्लू वॉटर नावाचा ओढा आहे, आणि तिथे जे घडले त्याचे मूळ एका गाईत आहे. १८५१ साली फोर्ट लॅरमी या लष्करी ठाण्याजवळ हॉर्स क्रीक या ओढ्याच्या काठी अमेरिकेच्या सरकारने मैदानातल्या अनेक जमातींना बोलावून तह केला. वाटसरूंना जाऊ द्यावे, आणि त्यांच्या जाण्याने जे नुकसान झाले आणि होईल त्याच्या भरपाईपोटी सरकार वर्षाला पन्नास हजार डॉलरचा माल पन्नास वर्षे देईल, असे त्यात ठरले होते. म्हणजे नुसत्या जाण्यानेही नुकसान होते, हे सरकारने तेव्हाच लेखी मान्य केले होते. पुढे सिनेटने पन्नास वर्षांची दहा वर्षे केली. १८५४ च्या ऑगस्टमध्ये एका मॉर्मन तांड्याची मागे पडलेली गाय लाकोटा जमातीच्या एका माणसाने मारली. लाकोटांचा प्रमुख कॉन्करिंग बेअर याने तिच्या बदल्यात दुसरे जनावर देऊ केले, पण ग्रॅटन नावाचा तरुण अधिकारी गुन्हेगाराला पकडायचेच म्हणून जवळपास तीस शिपाई आणि तोफा घेऊन छावणीत गेला. गोळीबार झाला, प्रमुख प्राणघातक जखमी झाला आणि शिपायांची सगळी तुकडी कापली गेली. पुढच्या वर्षी, ३ सप्टेंबर १८५५ रोजी, जनरल हार्नी याने त्याचा सूड ब्लू वॉटरच्या काठच्या लाकोटा वस्तीवर घेतला. छ्याऐंशी माणसे मारली गेली, त्यांत बायका आणि मुले पुष्कळ होती. "एका गाईपायी?" अण्णांनी विचारले. आमच्या भागात दुसऱ्याच्या रानात गाय शिरली तर कोंडवाड्यात जाते आणि दंड भरून सोडवून आणता येते. कॉन्करिंग बेअरने मांडलेला हिशेबही त्याच जातीचा होता. अण्णांना तो लगेच पटला, आणि ग्रॅटनला का पटू नये हे त्यांना काही केल्या समजेना.

लहानपणी पाहिलेल्या सिनेमांमुळे मला वाटत असे की ही वाट म्हणजे रोजची लढाई होती. जॉन अनरू या इतिहासकाराने १८४० ते १८६० या वीस वर्षांची मोजदाद केली, तेव्हा मूळच्या लोकांच्या हातून मारले गेलेले वाटसरू भरले ३६२ आणि वाटसरूंच्या हातून मारले गेलेले मूळचे लोक ४२६. बाकीचे वाटसरू मेले ते रोगाने, नदीत बुडून, चाकाखाली येऊन आणि स्वतःच्याच बंदुकीची गोळी सुटून. उलट कितीतरी ठिकाणी पॉनी आणि लाकोटा लोकांनी त्यांना नदीचा उतार दाखवला, चुकलेली जनावरे शोधून आणून दिली आणि वस्तूंच्या बदल्यात मांस आणि मोकासिन, म्हणजे चामड्याचे मऊ जोडे, पुरवले. भीती मात्र आकड्यांहून फार मोठी होती, आणि हॉलीवूडने वारसा सांगितला तो या भीतीचा.

पुढे याच वाटेवर, स्कॉट्सब्लफ या गावाजवळ, रिबेका विंटर्स या वाटसरू बाईचे थडगे आहे. ती १५ ऑगस्ट १८५२ रोजी, पन्नाशीची असताना, कॉलऱ्याने गेली. तिच्याबरोबरच्या एका माणसाने गाडीच्या चाकाची लोखंडी धाव अर्धवट पुरून तिच्यावर तिचे नाव आणि वय छिन्नीने कोरले, आणि म्हणूनच लाकडी फळ्या कुजून गेल्या तरी ही खूण राहिली. १८९९ मध्ये रेल्वेची आखणी करणाऱ्यांना ती सापडली तेव्हा थडगे वाचवण्यासाठी रुळांची रेघ थोडी बाजूला घेतली गेली, असे सांगतात. पुढे १९९५ मध्ये ते रुळांपासून आणखी दूर हलवले. अण्णा तिथे खाली बसले. कुठल्याही अक्षराचा अर्थ न विचारता त्यांनी धावेच्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "गाडीची धाव काढून दिली म्हणजे एक चाक गेलं. वाटेत एक चाक गेलं म्हणजे काय, ते गाडीवाल्याला विचार." ती धाव कुठल्यातरी टाकून दिलेल्या गाडीचीही असेल, पण अण्णांनी जे म्हटले त्यात त्या माणसाच्या दुःखाचे वजन मला पहिल्यांदा कळले. मी त्या बाईसाठी हळहळले, आणि त्याच वेळी हेही मनात आले की ब्लू वॉटरवर मेलेल्यांसाठी रुळाची रेघ कुणी हलवली नव्हती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यांतली एक धरून दुसरी सोडणे मला जमत नाही.

इथले लोक कुठे गेले, याचे उत्तर शोधताना मला एक गोष्ट फार उशिरा उमगली. पॉनी लोकही जात असत. वसंतात बायका मका, घेवडा आणि भोपळे पेरत, एकदोनदा खुरपणी करत, आणि मग सगळे गाव गव्यांच्या शिकारीला पश्चिमेकडे निघे. मातीची गोल घरे मोकळी पडत. उन्हाळा सरता सरता लोक परतून कापणी करत, धान्य जमिनीतल्या पेवांत साठवत आणि हिवाळी शिकारीला पुन्हा निघत. आमच्याकडे माण-फलटणचे धनगर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाटाखाली कोकणात उतरतात आणि पावसाआधी परततात, तशी ही ये-जा. धनगर ज्याच्या शेतात मेंढरे बसवतो त्याला खत मिळते, धनगराला धान्य मिळते, आणि पुढच्या वर्षी दोघांची पुन्हा गाठ पडायची असल्याने कोणी कोणाचे रान उजाड करत नाही. ओरेगॉनला निघालेल्या माणसाला मात्र त्या कुरणात पुन्हा कधीच यायचे नव्हते. त्याचा सगळा जीव पुढच्या खोऱ्यात अडकलेला होता. तिथे १८५० च्या कायद्याने गोऱ्या माणसाला ३२० एकर आणि लग्न झालेल्या जोडप्याला ६४० एकर जमीन फुकट मिळणार होती, आणि काळ्या माणसाला तर ओरेगॉनमध्ये वस्ती करायलाही कायद्याने बंदी होती. मागे राहिलेल्या गवताची पुढच्या उन्हाळ्यात काय अवस्था होईल याची काळजी करण्याचे त्याला कारणच नव्हते. तो दुष्ट होता म्हणून नाही, तर परतायचे नव्हते म्हणून तो असा वागला, असे मला वाटते, आणि हा विचार मला अधिक अस्वस्थ करतो.

कारण आम्हीही इथे आलो तेव्हा असेच म्हणालो होतो. चार-पाच वर्षे राहू, थोडे पैसे गाठीला बांधू आणि परत जाऊ, हे वाक्य अमेरिकेतल्या कुठल्याही मराठी घरात ऐकायला मिळते, आणि त्या वाक्याच्या आधाराने माणूस शेजाऱ्यांची नावे शिकत नाही, नगरपालिकेच्या निवडणुकीत काय चालले आहे ते वाचत नाही आणि गावाबाहेरच्या नदीचे नाव कुठल्या लोकांनी ठेवले हे विचारत नाही. मी ज्या शहरात राहते त्याचे नावच एका जमातीचे आहे. त्या ओमाहा लोकांची आजची राखीव जमीन माझ्या घरापासून गाडीने दीड तासाच्या आत आहे, आणि तिथे मी अजून गेलेले नाही. माझ्या कार्यालयातल्या मित्रमैत्रिणींत अशा बाबतीत मी काही वेगळी नाही, पण कमानीतून परतल्यावर ते मला बरोबर वाटेनासे झाले.

पॉनी लोकांचे पुढे काय झाले ते घरी आल्यावर सविस्तर वाचले. गवे संपत चालले, लाकोटांचे हल्ले थांबेनात, वस्ती करणाऱ्यांनी लाकूड तोडून नेले, आणि १८७० च्या दशकात त्यांना नेब्रास्का सोडून आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. जाताना त्यांनी आपले मक्याचे बियाणे बरोबर नेले. पण ते वाण त्या उष्ण जमिनीत नीट धरेना, पिढ्यांमागून पिढ्या दाणे कमी होत गेले आणि शेवटी काही घरांत देवघरातल्या टाकांसारखे जपून ठेवलेले मूठमूठ दाणे उरले. मग २००३ च्या सुमारास याच कार्नीच्या कमानीत शिक्षणविभागाचे काम पाहणाऱ्या रॉनी ओब्रायन यांनी ओक्लाहोमाला संपर्क साधून विचारले की इथे पॉनी लोकांची एक बाग लावता येईल का. पॉनींच्या वतीने बियाणे सांभाळणाऱ्या डेब एको-हॉक यांनी ते मूळ जमिनीत परत पाठवायचे ठरवले. पांढऱ्या दाण्यावर जांभळ्या रंगाचे पंख पसरलेले दिसतात म्हणून ज्याला गरुड मका म्हणतात, त्याचे अगदी थोडे दाणे पहिल्यांदा पेरले गेले, आणि ते ओलीत कुजून गेले. उरलेले दाणे पुढे पेरले आणि ते उगवले. आज नेब्रास्कातले कितीतरी शेतकरी आणि बागकाम करणारे लोक, ज्यांच्यापैकी अनेकांचे पणजोबा याच जमिनीवर वस्ती करायला आले होते, पॉनींसाठी हा मका पिकवतात आणि पीक ओक्लाहोमाला जाते.

ज्या इमारतीत मी "ते फक्त पुढे गेले" हे वाक्य ऐकले, त्याच इमारतीतून ही हाक गेली होती, याचा मला फार आनंद झाला. जमीन परत मिळाली असे यातून होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण इथले कुठे गेले हा प्रश्न माझ्याही आधी तिथे काम करणाऱ्या एका बाईला पडला होता, आणि तिने त्याचे उत्तर फोन करून माणसांकडेच विचारले, ही गोष्ट मला कुठल्याही देखाव्यापेक्षा मोठी वाटते.

अण्णा तोपर्यंत गावी परतले होते. रविवारी फोनवर मी त्यांना सगळे सांगितले, तेव्हा पॉनी लोक ओक्लाहोमात गेले हे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, पण पहिले दाणे कुजले म्हटल्यावर ते मध्येच थांबवून म्हणाले, "सगळे पेरले नव्हते ना?" नाही, काही राखून ठेवले होते, असे मी सांगितले. मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. पेरणी कोणत्या महिन्यात, पाऊस किती, सरीत लावतात की आळ्यात, शेजारच्या संकरित मक्याचा तुरा उडून येऊन वाण बिघडू नये म्हणून काय करतात. आळ्यात लावतात, मधून घेवडा आणि भोपळा असतो, एवढे मला सांगता आले. तुऱ्याचे माहीत नव्हते. "मग ते विचार त्यांना," अण्णा म्हणाले, "तेच अवघड असतं." कार्नीला मका साधारण मे महिन्यात पेरतात. या वर्षी त्या सुमाराला मी तिकडे जाणार आहे, आणि त्याआधी ओमाहा लोकांच्या जमिनीवरही.